ऋषीच्या नावाच्या पेशी

प्रिय ऋता,

आमच्या बँकेत ऋषीच्या नावाने वाढत असलेल्या पेशी ऋषीच्या नाहीत. डीएनएचा रिपोर्ट काल दुपारी आला. आमच्या लॅबमधल्या संध्याने तो दोनदा ताडून पाहिला आणि माझ्यासमोर ठेवत म्हणाली, "मॅडम, आधी बसा. मग वाचा." सहा वर्षं ज्यांना मी स्वतःच्या हाताने वाढवलं, त्या कुणा अनोळखी बाईच्या निघाल्या. तिच्याही पेशी आमच्याकडेच आहेत, खालच्या कप्प्यात. फोनवर हे सांगायला माझी जीभ रेटेना, म्हणून लिहिते आहे.

खारघरला आम्ही ही पेशींची बँक सुरू केली तेव्हा दोन खोल्या, एक इनक्यूबेटर आणि पेशी गोठवून ठेवायला तळोज्याहून द्रव नायट्रोजन आणणारा हिरामण, एवढाच पसारा होता. ऋषी चिडवायचा, "बाकीच्यांच्या आया लोणचं मुरवतात, आमची आई माणसं मुरवते." ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यानेच मला बजावलं, गाठीचा तुकडा फेकू देऊ नकोस, कुणाच्या तरी औषधाच्या शोधाला उपयोगी पडेल. तो गेल्यावर टाकीत नायट्रोजन ओतताना हिरामण म्हणायचा, "म्याडम, पोऱ्या कुटं गेला नाय. हितंच हाय." मी त्याला कधी गप्प केलं नाही.

आणि तू. दरवर्षी त्याच्या वाढदिवशी नाशिकहून यायचीस, चपला बाहेर काढून देवळात शिरावं तशी आत यायचीस. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तू हसत म्हणालीस, "आई, झोपलाय बघा कसा, हातपाय पसरून, अख्खा पलंग अडवून." मीही वाकून पाहिलं आणि मलाही तोच दिसला. दोन वर्षांपूर्वी निखिलने तुला लग्नाचं विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, "नवरा इथे जिवंत असताना मी हो कसं म्हणू?" मी तुला रागवायला हवं होतं. पण खरं सांगते, मला ते ऐकून बरं वाटलं.

चूक माझी आहे. एका वेळी एकाच माणसाच्या पेशी हाताळायच्या आणि त्यांना द्यायच्या पोषक द्रवाची बाटली प्रत्येकाची वेगळी, हा नियम मी नवीन मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. ऋषीचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. तेव्हाची वही काल उघडली. ऋषीच्या आणि त्या बाईच्या, दोन्ही नोंदींत बाटलीचा क्रमांक एकच आहे, अक्षर माझं. त्या दुसऱ्या पेशी फार वेगाने वाढतात. एखादी जरी मिसळली, तरी महिन्या-दोन महिन्यांत त्या बाकीच्यांना जागा ठेवत नाहीत. वाढत्या पेशींची ओळख दर सहा महिन्यांनी तपासायची, हाही नियम माझाच. ऋषीच्या वेळी संध्याने विचारलं होतं, "याच्या पाठवू ना तपासायला?" मी म्हटलं, माझा मुलगा मला ओळखता येणार नाही का? आता एका प्रयोगशाळेने त्या पेशी मागितल्या आणि ओळखीचा दाखला हवा म्हणाली, म्हणून तपासणी झाली.

अजून एक गोष्ट आहे आणि त्यासाठीच हे पत्र. तो हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा, म्हणजे त्या बाटलीच्या आधी, मी त्याच्या पेशींच्या तीन नळ्या गोठवल्या होत्या. दोन तेव्हाच वापरून संपल्या. एक टाकीत आहे. ती उघडली की परत ठेवता येत नाही. पेशी जगल्या तर बँकेला खरा ऋषी मिळेल, नाहीतर त्याचं काहीच उरणार नाही. संमतीपत्र परत वाचलं. पुढचे निर्णय कुणी घ्यायचे, या ओळीत त्याने तुझं नाव लिहिलं आहे, माझं नाही. तू नको म्हणालीस, तर नळी आहे तशीच राहील, आणि मी तुला त्याचं कारण विचारणार नाही. निखिलशी बोलायचं असेल तर जरूर बोल. हो म्हणालीस, तर गुरुवारी सकाळी अकराला संध्या नळी उघडेल. मी खोलीबाहेर थांबेन, हात लावणार नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत पेशींनी बशीचा तळ धरला की नाही, म्हणजे त्या जगल्या की नाही, ते कळेल.

तुझीच,
आई