वाईंडिंग खात्यातलं मौन

६ फेब्रु. ७४, बुध.
जाते एकदाची मौनाच्या शिबिराला. दोन पांढरी पातळं, सतरंजी, तांब्या. विजूचं म्हणणं, दहा दिवस तोंड बंद राहिलं की आवाज आपोआप खाली येईल. बघू.
कारण नातेपुत्याचे पाहुणे. परवा विजूला बघायला आले. मी आपलं नेहमीसारखं म्हटलं, "चहा घ्या की!" मुलीच्या वडिलांच्या हातातली बशी हिंदकळली. जाताना विजूला बाजूला घेऊन म्हणाले, "आईस्नी मिल सोडाया सांगा. लई मोठ्यानं बोलतात." आणि आमचा झेडपीतला कारकून मान डोलावून आला! आईच्या मिलवरच शिकला ना रे?
हे वारले तोवर साच्यावर कापड विणायला होते, मी वाईंडिंगला, बॉबिनवर सूत गुंडाळायला. शेजारणीशी बोलायचं तरी तिथे कोकलावं लागतं. घरी आल्यावर ते कुठून बंद करायचं?
सांगून ठेवलंय, मिल सोडायची की नाही ते परत आल्यावर ठरवीन. मी ठरवीन.

७ फेब्रु.
गावाबाहेरची धर्मशाळा. पहाटे चारला घंटा. डोळे मिटायचे, नाकपुडीशी श्वास येतो-जातो तेवढा बघायचा. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही, कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. पेन्सिली जमा करा म्हणाले. केली नाही. न्हाणीत बसून लिहितेय.
संध्याकाळी जेवण नाही. चुरमुरे आणि कपभर दूध. मिलची पाळी करून आलेल्या बाईला असं कुणी वाढून दाखवावं!
गुडघे गेले.

९ फेब्रु.
कानात घूंऽऽ चाललंय. मिलमध्ये कधी कळलं नाही. इथे सगळं गप झालं आणि मशिनी आतच चालू.
अडचण असेल तर देखरेखीच्या बाईंना हळूच सांगायची मुभा आहे. मी हळूच सांगितलं, अर्धं दालन दचकलं. बाईंचे मात्र डोळे भरून आले. "अहो, हा अंतरीचा नाद! वर्षानुवर्षं बसणाऱ्यांना ऐकू येत नाही." म्हटलं, "बाई, ते खातं हाय आमचं. चौकडं मशिनी." त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि मला नमस्कार केला.
आता पहिल्या ओळीत बसवतात. फुकटची साध्वी झाले. गुडघे तेवढेच दुखतात.

११ फेब्रु., सोम.
सकाळी वाऱ्यावर भोंगा ऐकू आला. माझी पहिली पाळी. डोळे मिटलेले, पण उठून उभी राहिले होते. मग रडू फुटलं. दुःखाचं नाही, रागाचं. माझी जागा आज कुणी धरली असेल?
दुपारी नळावर एक बाई. बोटं ओठाला लावली, मग तळहात उताणा. जेवलीस? ओळख पटली की! खात्यात आम्ही सगळ्याजणी असंच बोलतो, गडगडाटात ऐकू येत नाही म्हणून. तेलुगू असो, कानडी असो, उर्दू असो, हात एकच. पातळाच्या काठावर नाव शिवलेलं, नरसव्वा. दुसऱ्या मिलची असणार.
तेवढ्यात देखरेखीच्या बाई येताना दिसल्या. मी मिशीला पीळ दिला. म्हणजे जॉबर, खात्याचा मुकादम, आला, कामाला लाग. नरसव्वा तोंडात पदर कोंबून खालीच बसली.

१३ फेब्रु.
दोघी सापडलो. "खुणा म्हणजे बोलणंच," बाई म्हणाल्या. नमस्कार संपले! शिबिर चालवणाऱ्या आचार्यांपुढे उभं केलं.
माणूस शांत. विचारलं, "मौन कशासाठी, ठाऊक आहे?"
म्हटलं, "मला माझ्या पोरानं गप बसाया पाठवलंय. तुमी कशापायी बसवता?"
म्हणाले, "गप्प दुसरा बसवतो. मौन आपण धरायचं असतं. नको असेल तर दार उघडं आहे."
मी पिशवीपर्यंत गेले. हात घातला. मग म्हटलं, विजूच्या सांगण्यावरून आले, निदान राहायचं तरी माझ्या मर्जीनं. जाऊन बसले. हातही आवरले.
घूं चालूच होतं, चालू दे. खात्यात तरी मी कुठे आवाजाकडे बघते? धाग्याकडे बघते. तसाच श्वास बघितला. दिसला. बराच वेळ दिसला.
मिल सोडायची नाही. सोयरीक राहो की मोडो.
मोडली तर... विजूला ती मुलगी आवडलीय.

१७ फेब्रु., रवि.
मौन सुटलं. नरसव्वानं तोंड उघडलं, "अक्काऽ!" माझ्यापेक्षा वरचढ. बाईंनी कानावर हात ठेवले.
विजू न्यायला आला, सोबत मुलीचे वडील. गुण आला का ते बघायला. फाटकापाशी उभे, मधे पटांगण, निघणाऱ्यांचा गलका. विजूच्या तोंडावर तेच, आई हळू, आई हळू.
मी तोंड उघडलंच नाही. हात वर केला. बोटं ओठाला, तळहात उताणा. मिलच्या पाळणाघराच्या जाळीतून रोज असंच विचारायचे त्याला.
विजूचा हात आपोआप वर आला. पोटावरून फिरवला. जेवलो. मग ध्यानात आलं त्याच्या, पाहुणे बघतायत. लाल झाला. पण हात खाली नाही घेतला. माझ्याकडे बोट केलं. तू?
पाहुण्यांनी विचारलं, "काय म्हणत्यात आई?"
"जेवलास का म्हणतीया!" विजू ओरडलाच. थेट माझा आवाज. फाटकावरची माणसं वळून बघायला लागली.
पाहुणे नातेपुत्याच्या गाडीनं गेले. होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
घरी आल्यापासून विजूनं मिलचं विचारलेलं नाही, मीही सांगितलेलं नाही. उद्या पहिली पाळी. आत्ता मोरीत गेले तर माझा मिलचा डबा विजूनं घासून पालथा घातलेला.