एक बाही बाकी आहे

कसबा पेठ, पुणे
सोमवार

प्रिय आई,
तुला आणि बाबांना नमस्कार. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि तू नुसती "बरं, बरं" म्हणतेस, म्हणून लिहितेय.

मी ठणठणीत आहे. सातवा महिना सुरळीत चाललाय. डॉक्टरांनी फक्त जिने चढू नको म्हटलंय, म्हणून शनिवार-रविवारी सगळं सासर आमच्याकडेच आलं. अळूची भाजी, मसालेभात, वर खरवस! मला न विचारताच दोनदा वाढला.

बाळाचा स्वेटर सोफ्यावर होता. जी येईल तिने गप्पा मारता मारता दोन ओळी विणल्या. चुलत सासूबाईंचा हात इतका घट्ट, की तेवढाच भाग आक्रसलाय. मामेसासऱ्यांनी चष्मा लावून पाहिलं. म्हणाले, "सुरेख. डोकं कुठून घालायचं?" मी गळाच ठेवला नव्हता! सासूबाईंनी उसवून नीट करून दिला.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना?

आई, मागच्या वेळी मी आधीच सगळं विणून ठेवलं होतं, आणि ते घालायला बाळच आलं नाही. तुलाही तेच आठवत असणार. काल सासूबाई म्हणाल्या, "एक बाही राहू दे. बाळ आलं की आजी पुरी करेल." मला वाटलं, स्वतःबद्दलच बोलतायत. त्यांनी उरलेला लोकरीचा गुंडा माझ्या हातात दिला. "अकोल्याला तुझ्या आईंना पाठव. म्हणावं, येताना घेऊन या."

गुंडा सोबत आहे. सुया इथेच ठेवल्यात.

तुझी,
ऋजुता