ओव्याचे तेल, माझी सही आणि संजयची चटणी

मी, सुखदेव भीमराव ओव्हाळ, वय एकाहत्तर, राहणार बिबवेवाडी, पुणे, एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला सहायक, माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर हे दोन वर्षांपूर्वीच लिहून झाले असते.

१. बिबवेवाडीचे घर मुलगी पायल हिला द्यावे. मुलगा संजय याने 'मग मला काय' असे विचारू नये. त्याची हिंजवडीची खानावळ माझ्या फंडातूनच उभी राहिली आहे.

२. तेल काढण्याचे तांब्याचे भांडे मोडीत घालावे, कोणाला वापरायला देऊ नये. मार्केट यार्डातून ओवा आणून मी त्यात तेल काढत असे. २००४ साली जुन्या प्रयोगशाळेत, जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत मी त्याचा एक थेंब टाकला. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती रुपयाएवढे स्वच्छ वर्तुळ होते. जुलाबाचे जंतू तिथे फिरकलेही नव्हते. माझे जुने विभागप्रमुख आप्पासाहेब म्हणाले, "ओव्हाळ, बशी म्हणजे पोट नव्हे." तीस वर्षे माझे काम त्यांनी स्वतःच्या नावावर छापले, म्हणून मला तो मत्सर वाटला. बोलले ते खरे होते. माझे घड्याळ त्यांना द्यावे. मी माफ केले असे मात्र सांगू नये.

३. बशीतल्या त्या वर्तुळाच्या आनंदात मी संजयला कागद लिहून दिला: या तेलाने चटणी आठ दिवस सुरक्षित राहते. खाली माझी सही. चटणीत घालून मी कधी तपासलेच नव्हते. संजयने तो कागद चौकटीत लावला. ओल्या खोबऱ्याची चटणी रोज वाटली जायची, ती आठवड्यातून एकदा वाटून फ्रिजच्या बाहेर राहू लागली. माझी पत्नी कांताबाई वास घेतल्याशिवाय कुणाला काही वाढत नसे. पण इथे तिचेही नाक फसले असते. ओव्याच्या वासाखाली नासके कळत नाही.

४. जुलै २००६ मध्ये खानावळीत जेवणारी अकरा मुले आजारी पडली. आयुष नावाचा तेवीस वर्षांचा इंजिनिअर नवव्या दिवशी गेला. सगळ्यांनी पाण्याला दोष दिला. मी उरलेली चटणी तपासली. खोबऱ्यातली चरबी तेल स्वतःकडे ओढून घेते, जंतूंपर्यंत फारसे काही पोहोचत नाही. बशी जंतूंनी भरली होती. संजयला सांगितले, तर तो शांतपणे म्हणाला, "अण्णा, कागदावर सही तुमची आहे." मी तपासणीची वही कपाटात बंद केली. पोराला वाचवतो आहे असे मनाला सांगत राहिलो. वाचवत होतो स्वतःला. त्याची मला लाज वाटते.

संजय वाईट नाही. त्याने तेल दुप्पट केले आणि त्याचे समाधान झाले. दुप्पट तेलाने फक्त वास आणखी झाकला जातो, हे त्याला पटत नाही. स्वतःच्या मुलीच्या, पूर्वाच्या डब्यातही तो तीच चटणी देतो. पुढच्या महिन्यापासून ही चटणी चार कंपन्यांच्या कॅन्टीनमध्ये जाणार आहे.

५. कपाटातली तपासणीची वही माझ्या मृत्यूच्या दिवशीच पायलने जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात द्यावी.

६. अंत्यविधी त्रिशरण-पंचशील म्हणून करावा. मागाहून जेवण ठेवू नये.

हे वाचून, समजून सही करतो.

सुखदेव भीमराव ओव्हाळ
बिबवेवाडी, पुणे. १८ ऑगस्ट २००८

साक्षीदार:
१. बद्रीनाथ कोंडे, शेजारी (सही)
२. डॉ. अनंत रणपिसे (सही राहिली)

नोंद, माझ्याच हातची: डॉक्टर पेन उघडून बसले होते, तेवढ्यात त्यांना फोन आला. संजयचे डबे जातात त्या हिंजवडीच्या एका होस्टेलमध्ये सकाळपासून सतरा मुली उलट्या-जुलाबाने आडव्या आहेत. त्यांनी मला विचारले, "काय खाल्लं असेल हो यांनी?" मी सांगितले. ते पेन तसेच टाकून गाडी काढायला खाली गेले. कलम पाच रद्द समजावे, वही मी स्वतः घेऊन निघालो आहे. पूर्वाच्या शाळेत कोणी फोन उचलत नाही. तिची डबा खायची मधली सुट्टी साडेबाराला होते. आता बारा वाजून वीस मिनिटे झाली आहेत.