म्हातारीला पाणी

५ एप्रिल

दिवे गेले! आणि तेही पहिल्याच संध्याकाळी. काल तळ्याकाठी ट्रेलर उभा केला, मी भाजी चिरायला घेतली, तोच पंप कण्हायला लागला. मग फ्रिज गप्प. मग दिवे पिवळे, आणखी पिवळे, आणि गुडूप! ट्रेलरच्या आतलं सगळं ज्या बॅटरीवर चालतं, तीच बसली.

मेणबत्ती लावून जेवलो तिघं. ही हसत होती – "काय रोमँटिक नवरा मिळालाय!" हिची लेक मात्र हसली नाही. बाकाखाली हात घालून बॅटरीवर तळवा ठेवून बसली, ताप बघतात तसा. "दमली म्हातारी," एवढंच म्हणाली.

आज सकाळी गाशा गुंडाळून परत. झाली सहल!

६ एप्रिल

दिवसभर दुकानात चष्मे आणि डोक्यात बॅटरी. एका आजोबांना वाचायच्या चष्म्याऐवजी लांबचा देत होतो. ते म्हणाले, "डोळे माझे गेलेत की तुमचे?"

ट्रेलर हिच्या पहिल्या नवऱ्याचा. तो गेला तेव्हा लेक तेरा वर्षांची होती. बॅटरीही त्यानेच बसवलेली, 'म्हातारी' हे नावही त्याचंच. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली. लेक आता जूनमध्ये हॉस्टेलला जाणार. त्याआधी एक धड सहल व्हायला हवी.

खरं लिहू का? सहल हे निमित्त. ती मला कधी उलट बोलत नाही, तेच दुखतं. आईशी कडाकडा भांडते, पाच मिनिटांनी तिच्याच मांडीवर डोकं ठेवते. माझ्याशी – "काका, तुम्ही चहा घेणार का?" आईला तू. आजीला तू. शेजारच्या मांजराला तू. गेलेल्या बापाची आठवण काढते तेव्हा त्यालाही तू – "बाबा, तू असतास तर." बॅटरीलासुद्धा तू! मला तुम्ही. दोन वर्षांत एकदाही जीभ घसरली नाही पोरीची.

जायच्या आधी एकदा, निदान चुकून, 'तू' निघावं तिच्या तोंडून. बस्स. हे कागदाशिवाय सांगू कुणाला? ही हसून हसून लोळेल.

८ एप्रिल

बॅटरीवाल्याकडे गेलो. त्याचा पहिलाच प्रश्न – "गाडीची की घरची?" म्हटलं, घरात कशाला, ट्रेलरमध्ये हवीय. "तीच घरची! गाडीची एका दणक्यात इंजिन उठवते नि मोकळी होते. घरचीला रात्रभर थोडं थोडं देत बसावं लागतं. बायकोला विचारा, ती समजावेल." स्वतःच्या विनोदावर स्वतःच खो खो हसला.

दोन दाखवल्या. एक आपल्या म्हातारीच्या जातीची, पाण्याची. उचलताना कंबर मोडावी इतकी जड, आणि निम्मीच वापरायची – रोज त्याखाली उतरवली की लवकर मरते. दुसरी लिथियमची. वजन निम्म्याहून कमी, जवळजवळ सगळी वापरा, आणि पाण्याचं नावच नाही! एका हाताने उचलून पाहिली. तिथल्या तिथे प्रेमात पडलो. बाजूला काढून ठेवायला सांगितली.

जेवताना मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं – "महिन्याच्या महिन्याला पाणी पाजायची कटकटच गेली!"

ही डोळे वटारून माझ्याकडे. लेक म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, काका." ताट उचललं, विसळलं, गेली.

आता मी काय वाईट बोललो? मग हिने सांगितलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी बाप-लेक ट्रेलरमध्ये जायचे. बॅटरीची सहा झाकणं काढायची. तो टॉर्च धरायचा, लेक ओतायची. "पी गं म्हातारे." तो गेल्यावरही तिने एक महिना चुकवला नाही. आणि मला दोन वर्षं वाटत होतं, पोरगी शांततेत अभ्यास करायला जाते तिकडे!

लोकांचे डोळे तपासतो म्हणे मी.

९ एप्रिल

लिथियम रद्द. पाण्याचीच द्या म्हटलं. बॅटरीवाल्याने कपाळाला हात लावला. "काल तर फार उड्या मारत होतात!" म्हटलं, असू द्या.

१२ एप्रिल

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. बैल कसला, मीच रिकामा!

लेक मैत्रिणीकडे गेलेली. मला वाटलं, नवी येईपर्यंत आपणच एकदा पाजावं म्हातारीला. तिला दिसेल तरी, की काकाला ही कटकट वाटत नाही. सहा झाकणं काढली. स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणला. प्रेमाने, अगदी काठोकाठ भरलं. चार्जर लावला आणि पेपर वाचत बसलो!

लेक आली तेव्हा म्हातारी बदाबदा ओकत होती. बाकाखालची चटई भिजलेली, आंबूस वास. तिने आधी चार्जर बंद केला. मग झाकणांकडे पाहिलं, मग तांब्याकडे.

"कुठलं पाणी?"

"आपलं... पिण्याचं."

"आणि काठोकाठ?"

वाटलं, आता तरी ओरडेल. ओरड ना बाई, चार शिव्या घाल! आईवर अशी तुटून पडली असती. नाही. "असू द्या, काका. तुम्ही बाहेर थांबा. हाताला ॲसिड लागेल." हातमोजे घालून, खायचा सोडा टाकून सगळं निस्तरलं तिने. मी दारात, शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखा.

पाण्याची बाटली बाकाखालीच होती. चिठ्ठी चिकटवलेली – 'बॅटरीचं पाणी'. चष्मा लावूनही दिसली नाही मला.

त्याच्या हातची एवढी एक गोष्ट धुगधुगत होती. ती मी मारली. फार वाईट वाटतंय.

१३ एप्रिल

ही म्हणते, "जा, बोल तिच्याशी." कुठल्या तोंडाने?

१४ एप्रिल

दुकान लवकर बंद करून गेलो. ती ट्रेलरमध्येच होती, म्हातारीसमोर मांडी घालून. हातात रबरी फुगा लावलेली काचेची नळी. "बसा," म्हणाली. पहिल्या झाकणाखालच्या सेलमधलं थोडं पाणी वर ओढलं, नळीतला तरंगणारा काटा दाखवला. "जितका वर तरंगेल तितका जीव. हा बघा पहिला. पातळ झालंय तुमच्या पाण्याने, पण तरंगतो तरी. आता हा तिसरा." तो काटा तळाशी जाऊन बसला.

"हा थंडीतच गेलाय. तेव्हापासून दिवे तासभरसुद्धा टिकत नव्हते. तुमच्या पाण्याने नाही मेली ती."

मला हायसं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली. विचारलं, "म्हणजे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग इतके दिवस पाणी का पाजत राहिलीस?"

तिने फुगा दाबला, सोडला. मग म्हणाली, "नाहीतर रविवारी काय करू?"

आणि रडायला लागली. माझ्यासमोर पहिल्यांदाच. मला हात कुठे ठेवावा कळेना. डोक्यावर ठेवला तर आवडेल का? खांद्यावर? शेवटी तिचा चष्मा काढून घेतला, रुमालाने पुसला, एक दांडी जराशी वाकली होती ती सरळ केली, परत तिच्या नाकावर ठेवला. मला दुसरं काय येतं?

म्हटलं, "पाण्याचीच सांगितलीय. तूच पाज. सुटीत आलीस की पाज. मधले रविवार मी सांभाळेन. बाटलीतलं पाणी, आणि काठोकाठ नाही."

"बघू," म्हणाली. पण थोडीशी हसली. मी पाहिलं!

१७ एप्रिल

हिने विचारलं, "काय शिजतंय तुम्हा दोघांचं?" दोघांनीही एकदमच म्हटलं, "काही नाही." बरं वाटलं.

१९ एप्रिल

पहिला रविवार नाही, तरी म्हातारीला आज शेवटचं पाणी. बाटलीतलं. तिने ओतलं, टॉर्च मी धरला.

२० एप्रिल

लेक आणि मी बॅटरीवाल्याकडे. म्हातारीला डिकीतून दोघांनी उतरवलं. बॅटरीवाल्याने पाण्याची तयार ठेवलेली, पैसेही काढले होते मी. लेकीने तिच्याकडे पाहिलं, मग दोन पावलं जाऊन लिथियमची उचलली. एका हाताने.

"ही द्या. आणि हिला चालेल असा चार्जर. आमचा जुना हिला पूर्ण भरणार नाही."

म्हटलं, "अगं, पण पाणी? रविवार?"

"मी हॉस्टेलला. आईची कंबर आधीच गेलेली, हे जड धूड उचलणार कोण? आणि तू तर परत काठोकाठ भरून ठेवशील!"

तू.

बॅटरीवाल्याला काही कळलं नाही. लेकीलाही नाही, ती चार्जरचा खोका उघडून बघत होती. घरी येईपर्यंत मी तोंडातून शब्द काढला नाही. बोलायला जावं आणि परत 'तुम्ही' झालं तर!