वैशाखात पाहिलेलं घर

प्रिय आक्का,

तू गेल्यापासून मनातलं बोलायला कोणी उरलं नाही, आणि आज बोलल्याशिवाय राहवत नाही. चार दिवस पाऊस कोसळतोय आणि घरामागचा ओहोळ सकाळपासून गप्प आहे. इतक्या पावसात ओहोळ गप्प कसा गं?

खालापूरला डोंगराखाली माझ्या सुनीलने घेतलेलं हे घर तू पाहिलंच नाहीस. पण अंथरुणावरून म्हणाली होतीस, "एक पाऊस जाऊ दे रं. उन्हाळ्यात कोणतं घर वाईट दिसतं?"

सुनील थांबणार होता. घाई माझी! चातुर्मास लागला की चार महिने घर हलवायचं नाही, म्हणून अक्षय्य तृतीयेचा हट्ट मी धरला. तेव्हा ओहोळ ठणठणीत कोरडा. त्यात खुर्ची टाकून मी चहा प्यायलो! चौथी शिकलो, तेवढ्यावर पंचांग उघडतो आणि घरादाराला नाचवतो.

तू ओरडली का नाहीस माझ्यावर? लहानपणी पळसदरीला ओहोळात उतरलो तर कानाखाली वाजवायचीस. या वेळी नुसती हसलीस!

तूच सांगायचीस, भर पावसात पाणी अचानक थांबलं तर वर दरड आडवी पडली समज. पाणी मागे साठतंय. कालपर्यंत लाल पाणी मुळ्या घेऊन येत होतं. आज नुसता चिखल. मागचा उंबर घराकडे कललाय. की माझ्याच भीतीने कलला?

सुनेला सांगितलं. छोटीला भरवता भरवता रेखा म्हणाली, "बाबा, चातुर्मासात घर सोडायचं नाय, तुमीच म्हणालात ना! त्यात आज अमावास्या. हे येऊ देत संध्याकाळी, मग बघू."

सुनील कारखान्यात आहे, फोन लागत नाही. संध्याकाळपर्यंत थांबायचं, आक्का?

नाही. तुला शब्द देतो. हे पत्र खिशात घालतो आणि छोटीला कडेवर घेतो. नात पुढे निघाली की तिची आई मागून येईलच, मला बोल लावत का होईना. शेजारची दोन्ही दारं ठोठावतो. रिक्षा मिळाली तर ठीक, नाहीतर चालत सुटू, पण आज कशेळ्याला तुझ्या लेकीचं घर गाठू. अमावास्येचं पाप माझ्या माथी.

आत्ता वर काहीतरी गडगडलं. वीज मात्र चमकली नाही.

निघालो.

तुझा धाकटा,
पांडू