गायींच्या डोक्यावरची फुलं

म्युनिक,
१४ मे २००८

प्रिय लुईसदादा,

तू बरा असशील, गायीही बऱ्या असतील. गुडघा दुखत असेल, पण ते तू कबूल करणार नाहीस. आम्ही इकडे ठीक आहोत. बारा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही.

विषय सुट्टीचा आहे. याकोब नऊ वर्षांचा झाला, रोझी सहाची, आणि दोघांनी डोंगर नीट पाहिलाय तो चॉकलेटच्या वेष्टनावर. महिनाभर मी आल्प्सच्या रंगीत माहितीपत्रकांत डोकं घालून बसलेय. तळ्याकाठच्या गावांत एका आठवड्याला माझा महिन्याचा पगार मागतात, वर न्याहारी वेगळी. रोपवे असलेल्या गावांचं तर नावच नको, तिथे गायींपेक्षा माणसं जास्त. मला स्वस्त हवं आणि आडबाजूचं हवं. एकेक नाव खोडत गेले आणि शेवटी आपल्या उल्टन खोऱ्यातली, वरच्या कुरणावरची झोपडी तेवढी उरली.

भाडं देईन. नको म्हणालास तर गवत वाळवायला हात देऊ. याकोबला दंताळं धरता येईल. रोझी तुझं डोकं खाईल, ते फुकट. जूनमध्ये गायी वर चढल्या की आम्ही यायचं आणि सप्टेंबरात त्या उतरल्या की परतायचं, एवढंच.

एवढी लांब सुट्टी कुठल्या शाळेला असते, असं तू विचारशील. शाळेचं मी बघते.

तुझी बुर्गी


म्युनिक,
२ जून २००८

दादा,

तुझं कार्ड मिळालं. ‘छप्पर गळतं. मुलांना सोसणार नाही. दुसरीकडे बघ.’ बारा वर्षांनंतर सात शब्द. तुझ्या मानाने उधळपट्टीच म्हणायची.

दुसरीकडे बघून झालं रे. खोल्या मिळतात. पण उन्हाळा संपल्यावर मुलांना ठेवून घेईल असं घर कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

आता खरं लिहिते. माझ्या पोटात गाठ आहे. मार्चमध्ये कापली, पुन्हा आली. डॉक्टरीणबाई भली आहे, खोटं बोलत नाही. मी विचारलं, “सप्टेंबरपर्यंत तरी?” ती म्हणाली, “उन्हाळा मिळेल. पुढचं मला विचारू नका.” मुलांच्या बापाने हाम्बुर्गला दुसरा संसार थाटलाय. त्याला फोन केला तर म्हणतो, “आमच्याकडे जागा कुठाय?” मी गेले की सरकारी बाई येईल, याकोबला एका घरी देईल आणि रोझीला दुसऱ्या. रोझी भावाच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही, दादा. मला फार भीती वाटते. माझी नाही, त्या मुठीची.

म्हणून ही सुट्टी. तीन महिन्यांत त्यांना तुझी सवय होईल आणि तुला त्यांची. मग मी नसले तरी ती कुणाच्या दारात गेलेली नसतील, आधीच घरी असतील. असा माझा डाव होता. दुसरा सुचला नाही.

त्या वर्षाचंही बोलायला हवं. आपली आई ऑगस्टात गेली. ज्या घरातलं माणूस उन्हाळ्यात जातं, त्या घरच्या गायी सप्टेंबरात फुलांच्या मुकुटाशिवाय, बोडक्या डोक्याने उतरतात, हे मला का ठाऊक नव्हतं? पण आईने अंथरुणात पडल्या पडल्या जुलैभर कागदाची फुलं केली होती. बोटं थरथरायची तरी करायची. मी त्यांचा मुकुट वर नेला आणि पुढच्या गायीच्या शिंगांना बांधला. सगळं गाव चर्चपाशी उभं होतं. तू भर रस्त्यात तो ओरबाडलास, शेणात फेकलास आणि म्हणालास, “आईच्या मरणाची जत्रा केलीस. चालती हो.” मी चालती झाले.

तुला न विचारता केलं, ते माझं चुकलं. तू पण तिचाच मुलगा होतास. मुकुट बांधला ते मात्र चुकलं नाही, असं मी मरेपर्यंत म्हणणार, आणि त्याला आता फार दिवस नाहीत.

छप्पर गळत असेल तर खाली बादली ठेवू. मी हात जोडते. मी डोळ्यांसमोर नको असेन तर गावात कुठेतरी पडून राहीन. पण मुलांना घे.

रोझी रोज विचारते, “लुईसमामाच्या गायी मुकुट घालून येतात ना?” मी हो म्हणून बसलेय. तेव्हापासून दोघं स्वयंपाकघरात रंगीत कागद कापत असतात, मी तार पिळून देते. अकरा फुलं झालीत. दोन याकोबने केलीत, ती कोबीसारखी दिसतात, पण तू त्याला तसं सांगू नकोस.

एवढं एकच मागणं. सप्टेंबरात मी असेन किंवा नसेन. नसले तरी गायी बोडक्या आणू नकोस. लोक बोलतील, तर बोलू देत. पोरं रस्त्याच्या कडेला वाट बघत उभी असतील. आई गेल्याचं त्यांना तोवर कळलेलं असेल, आईने सांगितलेलं खोटं होतं हेही वर कळायला नको. तो मुकुट तू स्वतःच्या हाताने बांध. त्या वर्षी ज्या हाताने तोडलास, त्याच हाताने.

वीस तारखेच्या दुपारच्या बसने आम्ही निघतोय. तू फाट्यावर आलास तर ठीक, नाहीतर आम्ही चालत येऊ. फुलं चुरगळू नयेत म्हणून खोका मांडीवरच घेऊन बसेन.

तू हाकललेली, तरी तुझीच,
बुर्गी