ओलावलेले कोपरे

१२ ऑक्टोबर १८९१

ही वही स्वावानं मला वसंतात दिली. रोज चार ओळी लिही, कारी, नाहीतर कुठे भटकतोयस ते तुझं तुलाच कळायचं नाही, असं बजावून. पहिल्या पानावर स्वतःचा पत्ताही लिहून ठेवलाय, मी विसरेन म्हणून. बहिणीला हो म्हणायला काय जातं! नंतर मी मासे खारवले, एका पाद्र्याचे घोडे राखले, तिथूनही पळालो. वही पिशवीच्या तळाशी, मोज्यांखाली. टाळत राहिलो, कबूल.

पण आज लिहायलाच हवं. हिवाळ्यापुरतं घर मिळालं, आणि काम काय, तर वाचायचं! खोऱ्याच्या टोकाला ओड्नीआजीचं शेत आहे. नवरा कधीच गेला, मूलबाळ नाही, भिंतीला एकशे चौदा पुस्तकं, आणि डोळे अधू. संध्याकाळी सगळे लोकर विंचरायला बसले की एकानं दिव्याशी बसून मोठ्यानं वाचायचं, ही रीत घरोघरची. इथे सगळे म्हणजे आजी आणि गडी स्तेइनर. मी शाळेत दोनच हिवाळे गेलो, पण वाचतो बरा. करार मेअखेरपर्यंत. त्याआधी काम सोडलं तर कायदा मागे लागतो, पण सोडणार कोण? वाळल्या माशावर बोटभर लोणी होतं!

२० ऑक्टोबर

असं पुस्तकवेड मी पाहिलं नाही. लग्नातली चांदीची बटणं विकून आजीनं एक जाड ग्रंथ घेतला होता, सांगताना अजून खुदखुदते. नवं पुस्तक आलं की आधी हुंगते. खोड एकच. पान मी उलटायचं नाही, ते ती उलटणार. अंगठा तोंडात घालते, चांगला चोखते आणि कोपरा पकडते. एकशे चौदाही पुस्तकांचे कोपरे तपकिरी, चिकट, दह्याच्या आंबलेल्या निवळीच्या वासाचे. एका पानाला माझं बोट चिकटून राहिलं. म्हातारं माणूस, चालायचंच.

स्तेइनर चाळिशीचा असेल, पण त्यालाही जेमतेमच दिसतं. घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधलाय, तो धरून जातो. टोमणे मात्र नेम धरून मारतो. म्हणाला, पंडित, तुम्ही पुस्तकं बघा, मी शेण बघतो. बघतो म्हणजे हुंगतो. डोळ्यांना काय झालं विचारलं, तर म्हणाला, धूर.

३ नोव्हेंबर

स्वावाला पत्र लिहिलं. माझ्याहून तू छान वाचतेस, तूच इथे हवी होतीस, ये. पाकिटावर पत्ता घालायच्या आतच टपालवाला गेलासुद्धा. नेहमीचंच. पत्र वहीत ठेवलंय.

छताच्या झरोक्याला काच नाही. गाईच्या वारेचं पातळ कातडं ताणून बसवलंय. उजेड दुधाळ येतो. सकाळी त्याकडे बघत लोळायला मजा येते.

१९ नोव्हेंबर

आज डोळ्यात राख गेली. इथे चुलीत मेंढ्यांच्या लेंड्या जाळतात. आजी म्हणाली, चोळू नकोस रे गाढवा, उजेडात ये. आमच्या आजोळीही डोळ्यातलं कुसळ जिभेनंच काढायचे, म्हणून मी निमूट मान वर केली. तिनं दोन बोटांनी पापण्या फाकवल्या. जीभ आली ती जाड, पांढऱ्या थराची, गरम. बुबुळावरून फिरली. पापणीच्या मागे शिरली आणि तिथे थांबली. श्वासाला माशाच्या तेलाचा वास. पण टोचणं गेलं, मी आभारही मानले. ती कितीतरी वेळ तोंड मिटून बसली होती. मग तिनं गिळलं.

८ डिसेंबर

आता रोज सकाळी तिची जीभ. उशी झटकून झोपतो, तरी उठल्यावर उशीवर राख असते. अक्षरं धुरकट दिसतात. काल कंटाळून अख्खं पान गाळलं. आजी लोकर विंचरता विंचरता म्हणाली, लबाडा, घोडा कड्यावरून पडतो ते कोण वाचणार?

पाठ असेल, म्हटलं. पण ते पुस्तक परवाच आलंय. त्याची जोडलेली पानं मीच कापून सुटी केली.

२६ डिसेंबर

जुन्या पुस्तकाच्या समासात तिच्या सुबक अक्षरात सापडलं: स्तेइनरनं वाचून दाखवलं, हिवाळा १८८६.

स्तेइनरला विचारलं. म्हणाला, तेव्हाही तिचे डोळे गेले होते. मग आले. माझे तिला चार वर्षं पुरले.

मी तिथेच बर्फानं डोळे धुतले.

१७ फेब्रुवारी

निघालो होतो. करार गेला खड्ड्यात. ओढ्यापर्यंतही पोचलो नाही, पांढऱ्यात सगळं पांढरं. दोर हाताला लागला म्हणून जिवंत. दारात ती. बर्फ गेलं ना रे डोळ्यात, पोरा, ये.

तोंड फिरवलं तर स्तेइनर डोकं धरतो. माफ कर म्हणतो आणि धरतो. माझे उरलेसुरले तरी राहू देत, म्हणतो.

डाव्या डोळ्यावर साय. झरोक्याच्या कातड्यासारखी. बोट लावलं — ओली. वास तोच.

६ मार्च

मोठ्या अक्षरात लिहितोय. या वहीचे कोपरे चिकट लागतात. दोन पानं एकमेकांना —

मी थुंकी लावत नाही. कधीच लावली नाही.

ती ही वही वाचते. स्वावाला लिहिलेलं पत्र चाचपलं. वहीत नाही.

मार्च, तारीख —

ओळीवर ओळ जात असेल. आता ती शेजारी बसून स्वतःच वाचते. मनातल्या मनात. अंगठा. चप्. पान. चप्. एवढंच ऐकू येतं. मी म्हटलं, आजी, एखादं पान तरी मोठ्यानं. हसली. म्हणाली, मधे बोलू नकोस, रंगात आलंय. पण डावीकडचं अंधुक होतंय रे, तुझे काही पुरायचे नाहीत.

नंतर

कुत्रं भुंकलं. दारात कोणी पाय आपटून बर्फ झाडतंय. ये गं ये, म्हणते म्हातारी, एवढ्या लांब एकटी? पत्र मिळालं म्हणायचं.

तो आवाज — स्वावा. हसतेय. म्हणते, पाकिटावरचं अक्षर इतकं देखणं, कारीचं वाटेचना.

हाक मारली. म्हातारी म्हणाली, लक्ष देऊ नकोस, तापात बरळतो. वाऱ्यानं डोळे किती लाल झालेत गं तुझे, काही गेलंय का, बघू —

वही पुढे करतोय. स्वावा, लिहिलेलं दिसलं की तू वाचल्याशिवाय राहत नाहीस. आधी हे वाच. उजेडात जाऊ नकोस. डोळे मि